चटईवर मिटलेला गुन्हा

बायकोला मारणं गुन्हा ठरवणारा कायदा पूर्व तिमोरच्या गावांत कितपत पोचलाय, ते तपासायला आमचे साहेब आणि मी राजधानीतून डोंगरात आलो होतो. गावप्रमुख आबेल छाती फुगवून म्हणाले, "आमच्याकडे गुन्हाच नाही, ताई. सगळं चटईवर बसून मिटवतो."

मिटवलं होतंच. इडालिनाचा हात मोडणाऱ्या नवऱ्याने काल तिच्या बापाला डुक्कर दिलं, मग चटईवर सगळ्यांनी मिळून सुपारी खाल्ली. माझं डोकंच फिरलं. "तक्रार कर, मी येते सोबत," मी तिला म्हणाले.

"तक्रार केली तर डुक्कर परत द्यावं लागेल, ताई. ते तर बापाने सकाळीच कापलं. तुम्ही येणार म्हणून."

आणि गळ्यात बांधलेला हात सावरत, दुसऱ्या हाताने तिने आम्हाला वाढलं. आमच्या साहेबांनी दोनदा मागून घेतलं.