ईस्टरच्या जेवणाची चांदीची मूठ

मी चांदीची मूठ बोलतेय. काटे-चमचे सगळे ओळखतात. मला मात्र पाहुणे उलटंसुलटं करून विचारतात, "हे कशासाठी?" कोकराची अख्खी मांडी भाजली की टोकाचं हाड उघडं राहतं. ते माझ्या पोकळीत घालायचं, स्क्रू आवळायचा आणि मला धरून मांस कापायचं. हात तेलकट होत नाहीत. माझं काम एवढंच, आणि तेही वर्षातून एकदा, ईस्टरच्या रविवारी.

माझा जन्म पॅरिसचा. माझ्या मानेवर शिरस्त्राण घातलेल्या देवीचा इवलासा शिक्का आहे, अस्सल चांदीची खूण. घराण्यातल्या एका जुन्या लग्नाच्या आहेरातून मी बूर्ज शहरातल्या या घरी आले. युद्धात शत्रूचे सैनिक घरात राहायला आले, तेव्हा मला मोज्यात गुंडाळून खुराड्याखाली पुरलं होतं. तिथे निदान डोक्यावर कोंबड्यांची पावलं वाजायची. एरवी मला ठेवतात त्या टेबलाच्या खणात तेही नाही.

मला धरायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा. आन्सेल्म कापायचे. त्यांची बायको युगेत मला खडूच्या भुकटीने घासायची. माझी नक्षी तिला पाठ होती, पण तिने मला कामाला कधी धरलं नाही. मागच्या हिवाळ्यात आन्सेल्म गेले. आता मुलगा गोतिए येऊन कापेल, असं ती मला पुसताना म्हणाली.

ईस्टरच्या आठवड्यात खाटीक म्हणाला, "बाई, यंदा मांडी अर्धीच देऊ का?"

"का? माझ्या घरच्यांचे दात पडलेत? अख्खी दे."

शनिवारी फोन वाजला. गोतिए बायकोच्या, ओरेलीच्या माहेरी निघाला होता.

"मांडी आणू नकोस, आई."

"आणलीय."

"मग शेजाऱ्यांना बोलाव."

"त्यांची मुलं आलीत," युगेत म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रविवारी तरीही तिने भट्टी पेटवली. टेबलावर पांढरं कापड, दोन ताटं. भाजलेली मांडी तिने समोर ठेवली. मग तिने मला उचललं. स्क्रू आधी उलटा फिरवला, मग सुलटा. मी हाड घट्ट धरलं. मला तेवढंच येतं. पहिला काप जाड निघाला, दुसरा वाकडा. तिसरा बरा होता.

हाडालगत एक मऊ तुकडा असतो, त्याला इथे सगळे 'उंदीर' म्हणतात. तो नेहमी गोतिएला मिळायचा. सवयीने तिने तो समोरच्या ताटात वाढला. मग हात लांब करून तो परत घेतला आणि सावकाश चावत खाल्ला.

"इतका चांगला लागतो होय," ती म्हणाली. ऐकायला मी होते.

आता मी धुऊन फडक्यावर पडलेय. थोड्या वेळाने खण उघडेल, बंद होईल आणि वर्षभर अंधार. तक्रार नाही. एकच मागणं आहे: पुढच्या ईस्टरला मला तिनेच धरावं. गोतिए आला तरीही.