दस्त्यावरचे दात

हो, मीच बोलतेय, या कुलूपबंद कपाटातली बंदूक. दचकू नका, माझं पोट रिकामं आहे.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात ऑर्व्हिल हॅस्किन्सच्या घरी माझं आयुष्य गेलं. हरणांचा हंगाम उघडला की तिकडे शाळांनाही सुट्टी! ऑर्व्हिल मला खांद्याला लावून निघायचा आणि परतला की रिकामी करून कोपऱ्यात टेकवायचा. त्याची लेक लोरेटा तेव्हा रांगत होती. दात येत होते ना, बया खुशाल माझा लाकडी दस्ता चावायची! दोन इवल्या दातांची खूण तिथे कायमची उमटली.

"सही केलीस गं बाई, आता ही तुझीच," ऑर्व्हिल हसायचा.

तो गेला. मृत्युपत्रात मला खरंच लोरेटाच्या नावावर करून गेला. ती लग्न होऊन ओहायोत राहते. तिचा भाऊ व्हर्नन मला टपालात टाकायला निघाला, तर गावचा बंदूकवाला खेकसला, "वेड लागलंय का? दुसऱ्या राज्यात पाठवायचीय ती! माझ्या दुकानातून तिथल्या परवानेवाल्या दुकानात जाईल. तिथे लोरेटाच्या नावावर काही गुन्हा नाही ना, याची तपासणी होईल, मगच तिच्या हातात."

"बरं बाबा. पण अशी कळकट नाही पाठवायची. बहीण म्हणेल, भाऊ कद्रू निघाला."

आणि त्या भल्या माणसाने मला घरी नेऊन पॉलिशपेपरने घासायला घेतलं. अरे थांब, तिथे नको रे! मी जीव तोडून सांगत होते, पण ऐकू कुणाला जाणार? दात गेले. वर चकचकीत तेल चढलं.

ओहायोतल्या दुकानात लोरेटाने मला हातात घेतलं. दस्त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"ही बाबांची नाही."

"बंदुकीवर कोरलेला नंबर जुळतोय, बाई. हीच ती," दुकानदार म्हणाला.

"नंबर घेऊन काय करू? माझे दात कुठायत?"

तिने तिथूनच भावाला फोन लावला. "व्हर्न, दस्ता बदललास का रे?"

"बदलला? अगं, घासघासून नवा केलाय! आवडला ना?"

केवढा खूश होता तो! लोरेटाने डोळे मिटले. "हो रे. छान झालाय," म्हणाली, आणि फोन ठेवून रडली.

माणसांनो, तुमच्या गेलेल्यांच्या वस्तू पुसा हवं तर, पण नव्या करू नका.

ती कधीतरी कपाट उघडते. अंगठा त्याच जागी जातो आणि घसरतो. मी कोण, हे दोन्ही राज्यांच्या कायद्याला पटलं. लोरेटा, तुला कसं पटवू गं?