डागाची पडताळणी

प्लंबरने भिंतीवरचा पोपडा नखाने खरवडला, बोटाला लागलेली ओल मास्तरांना दाखवली आणि ही येते कुठून, असे विचारले.

"वरून. दादाच्या बाथरूममधून," मास्तर म्हणाले. "सिद्धांतच आहे माझा."

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अहो, न तपासता सिद्धांत? याच चुकीला पोरांचे मार्क कापत होतात ना?"

ते खरेच होते. तीस वर्षे विज्ञान शिकवताना मास्तरांनी कानीकपाळी ओरडून सांगितले होते की, मनात आले ते नुसते गृहीतक. ते पुन्हापुन्हा पडताळायचे, खोटे पाडायचा कसून प्रयत्न करायचा. त्यातूनही टिकले, चारी बाजूंनी पुरावे उभे राहिले, तर सिद्धांताची गोष्ट. पण हे सगळे वर्गात. अडीच वर्षांपूर्वी या डागावरून त्यांनी थोरल्या भावाला जिन्यात नाही नाही ते सुनावले होते. तेव्हापासून एका घरात वरखाली राहून दोघांचा अबोला. दादाची आठवण यायची, अगदी रोज यायची. पण आधी त्याने चूक कबूल करावी, हा हेका मास्तर सोडत नव्हते.

प्लंबरने पिशवीतून निळ्या रंगाची डबी काढली. रंग वरच्या बाथरूममध्ये ओतायचा. दोन दिवसांत डाग निळा झाला तर गळती वरची, असे त्याचे सरळ गणित होते. मास्तरांना नाही म्हणायला तोंड उरले नाही. तेही मागोमाग जिना चढले.

दार दादानेच उघडले. किती वाळला होता. प्लंबरचे ऐकून त्याने बाथरूम दाखवले.

आत फरशीवर धुळीचा जाड थर होता, कोपऱ्यात रद्दीचे गठ्ठे. पाण्याचा कॉक गंजून घट्ट बसलेला. प्लंबरने डबीचे झाकण पुन्हा लावले.

"वापरत नाही का हे?"

"जिन्यात बोलणं झालं, त्या दिवसापासून बंद आहे," दादा म्हणाला. "आंघोळीला मुलीकडे जातो."

मास्तर धुळीकडे बघत राहिले. वर अडीच वर्षे पाण्याचा थेंब नाही आणि खालची ओल तसूभरही हटलेली नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"दादा, मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, डाग वाळला की तू येशील वर."