आबांच्या हाताचा धुरकट फोटो

मी एक जुना, धुरकट फोटो आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. धुरकट म्हटलं की तुमचं बोट आधी त्या कचरापेटीच्या चित्राकडे जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे. दोन मिनिटं दम धरा. माझ्यात कोण आहे तेवढं ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म काळेवाडीतल्या एका गल्लीत झाला, संध्याकाळी पाचच्या सुमारास. मला काढलं शेखरनं. तो चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. त्यांच्या कंपनीचा एक नियम आहे. गेटमधून आत जाताना वॉचमन प्रत्येकाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर एक गोल स्टिकर चिकटवतो. आतल्या मशिनांचे फोटो बाहेर जायला नकोत म्हणून. शिफ्ट सुटली की ज्यानं त्यानं आपला स्टिकर सोलायचा. स्टिकर निघतो हो, पण त्याचा डिंक काही काचेवरून जात नाही. शर्टाच्या टोकानं खसाखसा पुसावा लागतो. शेखर रोज बसमध्ये बसल्याबसल्या पुसायचा. त्या दिवशी त्याचा डोळा लागला आणि पुसायचं राहून गेलं. माझी सगळी रड तिथून सुरू होते.

बस कोपऱ्यावर थांबली. शेखर उतरून बघतो, तर गल्लीत त्याची लेक स्वरूपा सायकलवर, आणि मागं कॅरिअर धरून धावताहेत त्याचे वडील, भैरू. घरात त्यांना सगळे आबाच म्हणायचे, नातसुद्धा. आठवडाभर आबा असेच त्या सायकलमागं धावत होते. शेखरच्या डोळ्यांदेखत त्यांनी कॅरिअर सोडला. पोरगी पडली नाही, सरळ पुढं निघून गेली. आबांनी टाळ्या वाजवायला दोन्ही हात वर केले आणि शेखरनं घाईघाईत मला टिपलं.

आता मी कसा आलो ते खरं खरं सांगतो. स्वरूपा माझ्यात धड नाहीच, कोपऱ्यात नुसतं सायकलचं मागचं चाक आहे. सगळ्यावर दुधावरच्या सायीसारखा डिंकाचा थर. पण मधोमध आबा आहेत, तोंडभर हसताहेत, आणि त्यांचे दोन्ही हात वर आहेत. उजव्या हाताला तीन बोटं आहेत. बाकीचं सगळं पुसट असलं तरी ती तीन बोटं मोजता येतात.

आबा तरुणपणी परांड्याकडून इकडे आले आणि एका लहानशा शेडमध्ये पत्रा कापायच्या प्रेस मशिनवर लागले. तिथं एका दुपारी त्यांची दोन बोटं गेली. तेव्हापासून तो हात खांद्यावरच्या टॉवेलखाली गेला तो गेलाच. शेखरच्या लग्नाचा अल्बम बघा, स्वरूपाच्या बारशाचे फोटो बघा, आबांचा उजवा हात कुठंच सापडायचा नाही. फक्त स्वरूपाला तो हात मिळायचा. शाळेत जाताना ती तोच धरायची. डाव्या हाताची पाच आणि ही तीन अशी आठपर्यंत मोजायला ती आबांच्या बोटांवरच शिकली. नऊ आणि दहा कुठंयत म्हणून विचारलं, की आबा म्हणायचे, कंपनीत ठेवल्यात, पेन्शनीला आणू. दोघंही त्यावर रोज नव्यानं हसायचे.

मला पहिल्यांदा पाहिलं शेखरच्या बायकोनं, पूनमनं. कॅमेरा पुसून तरी घ्यायचा, एवढंच ती म्हणाली. मग आबांनी फोन हातात घेतला, स्वरूपा शेजारून डोकावत होती. आधी हसले आणि मग त्यांना तो हात दिसला.

"काढून टाक ह्यो," ते शेखरला म्हणाले. "हात कशाला दावतूस जगाला?"

शेखर बरं म्हणाला आणि विसरला. त्याच्या विसरण्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण तेवढं एक विसरणं माझ्या पथ्यावर पडलं. घरात वायफाय लागल्याबरोबर माझी एक प्रत आपोआप क्लाउडवर गेली. क्लाउड म्हणजे आभाळ वगैरे काही नसतं बरं का. कुठल्यातरी लांबच्या गावी गार खोल्यांमध्ये कॉम्प्युटरांच्या रांगा असतात, तिथं आमची राहण्याची सोय. माझ्या एका बाजूला गुलाबाचं फूल, शुभ सकाळवालं. दुसऱ्या बाजूला मिक्सरचं गॅरंटी कार्ड. शेजार काही फार रंगतदार नव्हता.

पंधराएक दिवसांनी आबांनी शेखरला हळूच विचारलं, सायकलचा तो फोटो आहे का अजून. शेखर चपापला, पण त्यानं मला उघडलं. आबा कितीतरी वेळ बघत राहिले. अंगठ्यानं त्यांनी मला मोठं केलं, स्वतःच्या हातापाशी थांबले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोरगी सुटली तवाचा हाय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान. त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. त्याच हिवाळ्यात आबा गेले. चार दिवसांचा ताप काय आला आणि माणूस गेला.

तुम्हाला वाटेल, फोटोला कसली आलीय आठवण. अहो, आम्हाला दुसरं असतं काय? मी रोज वाट बघायचो. फोन अधूनमधून जुने फोटो आपणहून वर काढतो, वर्षापूर्वी आजच्या दिवशी वगैरे म्हणून. मला वाटायचं, आज आपला नंबर. पण मशीन लख्ख फोटो निवडतं. एकदा तर त्यानं माझ्याच दिवसाचा शेजारचा गुलाब वर काढला, आणि मला तिथंच ठेवलं. मला फार वाईट वाटलं. स्वरूपाचं बोट एकदा माझ्यावरून फिरावं, एवढीच माझी मागणी होती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं आबांचा मोठा फोटो भिंतीवर लावायचं ठरलं. शेखरनं लग्नाच्या अल्बममधला एक फोटो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओत नेऊन दिला. स्टुडिओवाले हिंदुराव कामाला चोख. त्यांनी आबांचा चेहरा कापून घेतला, त्याला निळा कोट चढवला, टाय बांधला, आणि एक हात खुर्चीवर ठेवला. पाच बोटांचा, गोरापान. तो शेखरला पसंतीसाठी मोबाइलवर पाठवला, तर मोबाइल म्हणाला, जागा शिल्लक नाही.

शेखर तेव्हा कंपनीच्या बसमध्ये होता. फोनमध्येही जागा नाही आणि क्लाउडवरही नाही, असा निरोप समोर आला, आणि त्याखाली एक सोयीचं बटण. धुरकट फोटो एकत्र करून दिले आहेत, नको असतील तर काढा. तीनशे बारा होते. होणारच की, रोजचा डिंक! त्यात बसचं वेळापत्रक होतं, शाळेचा गृहपाठ होता, चुकून निघालेले बूट होते आणि मी होतो. शेखरनं एकही उघडला नाही. सगळे निवडा, काढून टाका. दोन बोटांचं काम. लगेच हिंदुरावांचा कोटवाला फोटो फोनमध्ये ऐटीत येऊन बसला.

मी कचरापेटीत पडलो. तिथं प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा असतो. माझ्या डोक्यावर साठ. साठ दिवसांनी कायमचं पुसलं जायचं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी फ्रेम लागली, हार चढला. पाहुण्यांनी कौतुक केलं, आबा अगदी साहेब दिसतात म्हणून. स्वरूपा खालून बघत उभी होती. ती म्हणाली, हे आबा नाहीत, हा हात आबांचा नाही. मग ती बापाला म्हणाली, पप्पा, तो सायकलचा फोटो लावा ना. शेखरनं फोन काढला, वरखाली चाळला. मी नव्हतो. जागेसाठी काही फोटो फोनमधून काढलेत, पण वर क्लाउडवर सगळं असतंच, रविवारी निवांत शोधतो, असं त्यानं तिला सांगितलं.

इथंच त्याचं चुकलं, मित्रांनो. त्याला वाटत होतं, फोनमधून काढलं तरी वरची प्रत जागच्या जागी राहते. तसं नसतं. त्या बटणानं दोन्हीकडचं एकदमच गेलं होतं. आणि घाई कसली, म्हणून रविवार पुढं ढकलले गेले. एका रविवारी ओव्हरटाइम, एका रविवारी साखरपुडा, एका रविवारी माणूस नुसता थकून झोपला. त्याला तरी काय बोलू? स्वरूपा दर शनिवारी आठवण करायची. माझ्या डोक्यावर चाळीस, मग पंचवीस, मग बारा. कचरापेटीतून हाक मारता येत नाही. येत असती तर मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला असता.

शेवटी पूनमनंच मनावर घेतलं. वरच्या मजल्यावरची स्नेहल माण गावच्या एका आयटी कंपनीत कामाला आहे. पूनमनं शेखरचा फोन घेतला, स्वरूपाला घेतलं आणि तिच्याकडे गेली. स्नेहलनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, कचरापेटी बघितली का? अशी पेटी असते हेच या घरात कुणाला माहीत नव्हतं.

बूट, गृहपाठ, वेळापत्रक, बूट... आणि मी. माझ्या डोक्यावर तीनचा आकडा होता. स्वरूपानं मला ओळखलं. लांबून, अंगठ्याएवढा होतो तरी ओळखलं. स्नेहलनं मला परत आणलं, आणि त्या पोरीनं मला मोठं करून आबांच्या हातावर आपलं बोट ठेवलं. कितीतरी वेळ उचललंच नाही.

दुसऱ्या दिवशी शेखर तिला घेऊन हिंदुरावांकडे गेला. शरमला होता बिचारा. हिंदुरावांनी मला कॉम्प्युटरवर घेतलं. आता असला धुरकटपणा मशीन मिनिटात काढतं, ते म्हणाले. आणि खरंच, मी कधी पाहिलं नव्हतं इतकं स्वतःला लख्ख पाहिलं! डिंक गेला. आबांच्या मिशीचा केस न् केस दिसायला लागला. मी हरखून गेलो. मला वाटलं, आता आपल्याला कुणी नावं ठेवणार नाही.

शेखरही खूश झाला. मग स्वरूपा टेबलाजवळ आली आणि मोजायला लागली. मशिननं आबांच्या उजव्या हाताला पाच बोटं दिली होती.

"काका," ती म्हणाली, "बोटं तीनच ठेवा."

हिंदुरावांनी शेखरकडे पाहिलं. त्यांनी मशिनला पुन्हा पुन्हा सांगून बघितलं, पण ते दर वेळी हात पुरा करून द्यायचं. तीनच हवी असतील तर आहे तसाच छापावा लागेल, मग धुरकट राहील, असं ते म्हणाले. शेखरनं आपल्या लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू दे," तो म्हणाला.

आता मी दाराशेजारी खाली लावलेला आहे, स्वरूपाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. कोटवाला वर आहे, त्याला हार आहे, माझी काही तक्रार नाही. शाळेत जाताना ती मला एकदा हात लावते. माझी काच तिथं रोज मळते आणि पूनम ती पुसत नाही.

मित्रांनो, पसारा आवरा. गुलाब काढा, बूट काढा, मी कशाला अडवू? फक्त सगळे निवडा म्हणण्याआधी एकेकाला उघडून बघा, आणि चुकून गेलंच कुणी, तर साठ दिवसांच्या आत त्याला न्यायला या. माझं नशीब म्हणून मला न्यायला आलं कुणीतरी. आबांना आणायला मात्र कुणाला जाता आलं नाही. ते माझ्यात आहेत तेवढेच. सायकल सुटली आहे, आबांचे दोन्ही हात वर गेले आहेत, आणि टाळी अजून वाजायची आहे.