पटाचा बैल आणि लांबची वाट

इसरू शिंप्याच्या पायांना जन्मात कधी स्वस्थता ठाऊक नव्हती. मशीनवर बसला की पाय चालूच, उठला की वाटेवर, आणि ताटावर बसला तरी एक गुडघा आपला हलतोच आहे. "पाय हायेत का पिंपळाचे पानं?" असं त्याची बायको सुकरी म्हणायची. आता अशा माणसाला कोणी अठरा दिवस एका जागी बांधून ठेवलं तर तो बिथरणार नाही तर काय?

बांधलं म्हणजे दाव्यानं नव्हे हो. दावं बरं, तोडता तरी येतं. त्याला बांधलं होतं त्याच्या थोरल्या भावानं, मुखरूनं, आणि तेही नुसत्या शब्दानं.

झालं होतं असं. करंजटोला हे सावली गावाजवळचं खेडं, चांद्यापासून बरोब्बर चाळीस मैल. त्या सुमारास महारोगावर पांढऱ्या गोळ्या निघाल्या होत्या. बारा मैलांवरच्या मूल गावापर्यंत येणारे एक डॉक्टरसाहेब म्हणाले, "गावात दोन खोल्या बांधा, मी दर शनिवारी येतो. झाडाखाली कोणी रोगी येत नाही, लाजतात." खोल्या बांधायच्या कशानं? त्याच हिवाळ्यात चांद्याला एक माणूस मैदानात सात दिवस सायकलवरून न उतरता गरगर फिरला होता आणि सारं शहर त्यापायी वेडं झालं होतं. तिथले लाकडाचे व्यापारी रंगात येऊन बोलून गेले, की खेड्यातला कोणी असं काही करून दाखवील तर सागाचं लाकूड आणि छपराचे कवेलू आमच्याकडून. गावच्या गुणवंतरावांची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली होती, पण आवाज तसाच होता. त्यांनी शब्द उचलला आणि अट ठरवून टाकली: सूर्य उगवला की करंजटोल्यातून निघायचं, चांद्याच्या परकोटाच्या दरवाजाला हात लावायचा, आणि सूर्य बुडायच्या आत शाळेपुढच्या मांडवात परत. जमलं तर दवाखाना, नाही तर राम राम. दिवस ठरला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा.

गावात सायकल एकच, इसरूची; मूलच्या एका पेन्शनर मास्तरांकडून घेतलेली, घोड्यासारखी उंच आणि रेड्यासारखी जड. आणि गावात महारोगीही एकच उघडपणे होता, तो मुखरू. लपलेले किती होते ते देव जाणे.

चार वर्षांपूर्वीपर्यंत मुखरू म्हणजे शंकरपटाचा राजा. पट म्हणजे बैलांची शर्यत. पाच कोसांत त्याच्यासारखा जोडी हाकणारा नव्हता. मग अंगावर चट्टे उठले. एकदा चिलमीवर ठेवायचा निखारा बोटांत धरून तो गप्पा मारत बसला, आणि मांस जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं, त्याच्यासकट. बायको माहेरी गेली ती गेलीच. मुखरू स्वतःच उठून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पल्याड झोपडीत राहायला गेला आणि त्यानं नियम घातला की कोणीही दहा पावलांच्या आत यायचं नाही, भावानंही नाही. सुकरी तर धाकट्या भावाची बायको. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचीही चाल नाही. ती दगडावर भाकर ठेवून डोक्यावर पदर ओढून परत यायची.

शर्यतीचं ठरलं तसा मुखरू झोपडीतून ओरडला, "पोराले तयार मी करतो! कोनी मधात पडू नोका!"

आणि त्यानं भावाला तयार केलं, जसा पटाचा बैल तयार करतात तसा. सकाळी बोडीच्या पाळीवर तीन वेळा शंभर शंभर पावलांची दौड, जीव तोडून. मुखरू काठी आपटत हाका घालायचा, "हाण! हाण!" बस, दिवसाचं काम संपलं. मग उडदाचं पीठ, तूप, चार अंडी आणि आराम. मशीन बंद, बाजार बंद, विहिरीपर्यंत चालणंही बंद.

"भाऊ, जरासा हिंडून येऊ काय?" इसरू विचारायचा.

"पटाच्या बैलाले कोनी नांगराले जुपते काय बे? ताकद साठव. त्या दिवशी सोडू."

तुम्ही म्हणाल, गावात कोणालाच अक्कल नव्हती का? होती. पण करंजटोल्यानं जन्मात एकच शर्यत पाहिली होती, पटाची, आणि ती जिंकायची रीत मुखरूइतकी कोणाला ठाऊक नव्हती. गुणवंतरावांनी तुपाची बरणी पाठवली. बायांनी घराघरांतून अंडी जमवली. इसरू वाटेत उभा दिसला तरी लोक दटावायचे, "बस ना बे खाली! काऊन पाय झिजवून राह्यला?" इसरू खाटेवर बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. रात्री झोप नाही, दिवसा चैन नाही. अंगात मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी दोरा आणायचं निमित्त करून तो सुटलाच. मूलपर्यंत बारा मैल वाऱ्यासारखा गेला. परतताना सहाव्या मैलावर मांड्या अशा धरल्या की सायकलवरून उतरताही येईना, आडवाच झाला. एका बैलबंडीवाल्यानं त्याला आणि सायकलला गवताच्या भाऱ्यावर टाकून गावाच्या अलीकडे आणून सोडलं. वर आभाळ बघत पडल्या पडल्या इसरू हिशेब करू लागला. अठरा मैलांत ही गत, तर ऐंशी मैल कसे व्हायचे? दवाखाना काही होत नाही. भावाची उरलेली बोटंही जाणार.

तो घरी आला आणि सुकरीपाशी रडला. "चुकून राह्यलं सारं. पट शंभर पावलाचा असते. हे ऐंशी मैल हायेत वो."

"मंग सांगा ना त्यायले."

"कसा सांगू?"

खरंच, कसं सांगणार? चार वर्षांत मुखरूला कोणी काही विचारलं नव्हतं, पाऊस येईल का एवढंसुद्धा नाही. आता रोज संध्याकाळी माणसं दहा पावलांवर येऊन उभी राहायची आणि विचारायची, "मुखरूभाऊ, कसा हाय आपला गडी?" मुखरू दाढी करायला लागला होता. धोतर धुवायला लागला होता. त्याला जाऊन म्हणायचं, की तुझं सगळं चुकलं? इसरूची जीभ उचलेना.

मग त्यानं चोरी सुरू केली. सकाळी भावासमोर तीन दौडी, तूप-अंडी, "जातो, झोपतो." आणि मागच्या पांदणीनं सायकल काढून पंधरा मैल, चार दिवसांनी पंचवीस, मग पस्तीस. कोणी विचारलं की सुकरी दारात सूप पाखडत सांगायची, "झोपले हायेत, उठवाचं नाई सांगितलं." पाय सुधारत चालले आणि मन बिघडत चाललं. भावासमोर उभं राहिलं की त्याची नजर जमिनीत. भाऊ म्हणायचा, "बघ, आरामानं कसा तकाकला!" आणि इसरूला वाटायचं, धरणी पोटात घेईल तर बरं.

शर्यतीला आठ दिवस उरले तेव्हा मुखरूनं शेवटचा हुकूम सोडला. "आता दौडही बंद. आठ दिवस खाटेवरून हालाचं नाई. आन सायकल गुणवंतरावाच्या घरी कुलपात ठेव. तुया पायावर माया भरोसा नाई."

आणि इसरू फुटला. "मी बैल नोहो, भाऊ!" तो इतक्या जोरात ओरडला की बोडीवरचे बगळे उडाले. "तुया पट शंभर पावलाचा! त्या तुपानं मी मूलहून परत येऊ शकलो नाई, रस्त्यात पडलो. बारा दिवसांपासून तुले चोरून सायकल हाकून राह्यलो. समजलं? तुया रीतीनं गेलो तं दवाखाना होत नाई!"

मुखरूनं काठी भिंतीला टेकवली, झोपडीत गेला आणि ताटी लावून घेतली. संध्याकाळी भाकर दगडावर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. इसरू सायकलवर गेला, पण चार मैलांवरून परत फिरला. पायांत बळ होतं, पण छातीत नव्हतं. शर्यत जिंकून ज्याला वाचवायचं त्यालाच आपण मारून बसलो, असं त्याला सारखं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुकरी बोडीवरून धुणं अर्धं टाकून धावत आली. धापा टाकतच बोलली, "भासरे बंडीवाल्यायकडे गेले होते!"

आलापल्लीच्या जंगलातून सागाची लाकडं मूलच्या स्टेशनावर नेणाऱ्या बंड्या बोडीकाठच्या आमराईत मुक्काम करत. त्यांचा म्होरक्या जंगू नावाचा म्हातारा गोंड, चाळीस वर्षं तीच वाट हाकणारा. मुखरू भर दुपारी, तोंड न झाकता, आमराईच्या कडेला जाऊन उभा राहिला. बंडीवाले उठले, कोणी ढेकूळ उचललं, "हट, लांब हो!" म्हणून ओरडले. मुखरू मागे सरकला, पण गेला नाही. बोडीच्या या काठावर उभा राहून त्या काठावरच्या जंगूला तो ओरडून विचारू लागला, "बाबा, मी पटाचा मानूस! लांब वाटेच्या बैलाले काय लागते, मले ठाव नाई! सांग!" आणि जंगूनं हाताचा भोंगा करून पाण्यावरून सांगितलं. धुणं धुणाऱ्या बायांनी ऐकलं, शेतातल्या माणसांनी ऐकलं. पटाचा राजा अख्ख्या गावासमोर विचारत होता, की मले ठाव नाई.

"तुमच्यासाठी विचारत होते," सुकरी म्हणाली आणि तिला रडू आलं.

इसरू गेला तेव्हा मुखरू ताटी उघडून दारात बसला होता. तोंडाकडे न बघताच म्हणाला, "ऐक. रोज चालाचं, फक्त शेवटचा दिवस कमी. बसला का बैल अखडते. पहिल्या दोन कोसात धावाचं नाई, कितीबी हुरूप आला तरी. पानी दर दोन कोसाले घोटभर, पोटभर नाई. आन परतीच्या वाटेवर बैलाले घराचा वास येते, तो पळाले पाहाते. तिथंच मरते. तवा धरून ठेवाचं." मग बोलला, "चुकलं मायं. उगाच बांधून ठेवलं तुले."

"भाऊ..."

"बडबड नोको करू. जा, दिवस हाये अजून. मूलवर जाऊन ये."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्याची कोर दिसली आणि गुणवंतरावांनी बंदुकीचा बार काढला. इसरूनं दोन कोस पाय आवरले. पायांना ते किती जड गेलं ते त्यालाच ठाऊक. मूल आलं, जंगल लागलं, मुरमाच्या चढावर सायकल कण्हू लागली. तो घोटभर पाणी पीत गेला, उतरला कुठेच नाही. बारा वाजता परकोटाच्या दरवाजाला त्याचा पंजा लागला. व्यापाऱ्यांनी पेढे पुढे केले, त्यानं मान हलवली आणि सायकल फिरवली.

मूल मागे पडलं आणि जंगू म्हणाला होता तसं झालं. घराचा वास आला. पाय पळायला बघू लागले, मन म्हणू लागलं, हाण आता, बारा मैल तर उरलेत! सूर्य उजव्या खांद्यामागे उतरत होता, आणि इसरू दात आवळून स्वतःलाच ओढून धरत होता. "हळू बे, हळू," असं तो मोठ्यानं म्हणत होता. पाचव्या मैलावर एका मांडीत चमक आली. धावत असता तर तिथेच पडला असता. तो एका पायानं पायडल दाबत राहिला. शाळेचा मांडव दिसला तेव्हा सूर्य मोहाच्या शेंड्यावर होता; चाक मांडवात शिरलं तेव्हा तो अजून हातभर वर होता.

एकच गलका झाला. सनई-डफडं सुरू झालं. चौघांनी इसरूला सायकलवरून उचललं आणि गुणवंतरावांच्या खुर्चीकडे नेऊ लागले. तेवढ्यात गर्दीच्या मागून डरकाळी आली, "बसवू नोका त्याले!"

माणसं वळली आणि भराभर बाजूला झाली. मधे आपोआप वाट झाली आणि त्या वाटेच्या टोकाला मुखरू उभा. चार वर्षांत पहिल्यांदा गावात आला होता. पुढे येता येता तो दहा पावलांवर आपल्या सवयीनं थांबला. "चालव त्याले कोनीतरी. बसला तं पाय धरतीन."

इसरूनं चौघांचे हात सोडवले. लटपटत ती दहा पावलं चालला आणि भावाच्या गळ्यात हात टाकला.

"दूर हो, लोक हायेत," मुखरू पुटपुटला.

"असू दे. तूच चालव मले."

गुणवंतराव काही बोलायला उठले, पण सुकरी समोरून त्यांच्याकडे अशी बघत होती की ते खाली बसले. दोघे भाऊ मांडवाभोवती फिरू लागले. इसरूचा सारा भार मुखरूवर. एक फेरी झाली, दुसरी झाली.

"लय दुखते काय रे?" मुखरूनं विचारलं.

"लय. जीव चालला."

"दुखू दे. दुखते म्हंजे पाय जिते हायेत." मुखरूनं त्याचा भार सावरला. "मले तेच तं होत नाई."

"होईन, भाऊ. होळीपर्यंत खोल्या उभ्या होतीन. मंग तुये हातबी दुखतीन."

मुखरू हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "गेलेली बोटं येत नाई बे, येड्या. राह्यली हायेत तेवढी राह्यली तरी बस."

"तेवढी राह्यतीन."

"चाल मंग. अजून एक फेरी."