भिंगरी झोपली आहे

आत्याचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि चिठ्ठीमास्तरांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही लांबलचक नव्हतं. 'फोनवर मी पोरीचं विचारते, तू "बरी आहे" म्हणतोस, आणि मग आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. तुला बोलता कधी आलं नाही, लिहिता येतं. तेव्हा ती कशी आहे ते लिही. डॉक्टर म्हणतात, डोळे फार तर वर्षभर अक्षर ओळखतील. दुसऱ्याच्या तोंडून मला ऐकायचं नाही. माझं पत्र मी वाचणार. उशीर करू नकोस, गाढवा.'

आई गेल्यावर जिने वाढवलं, बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं, तिला चार ओळी लिहायच्या तर अकरा महिने! मास्तर रोज स्वतःला बोल लावत, रोज कागद पुढे ओढत आणि रोज मागे सारत.

खरं तर लिहिणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. संग्रहालयात काचेच्या कपाटांतल्या वस्तूंखाली चिठ्ठ्या असतात ना, त्या ते लिहीत. वस्तू कशाची, किती जुनी, कुणी कशासाठी वापरली, सगळं चाळीस शब्दांत. म्हणून ते चिठ्ठीमास्तर. एका दिव्याच्या चिठ्ठीवर त्यांनी अख्खा आठवडा घालवला होता. पण दिवा बिचारा आठवडाभर जागचा हलला नव्हता. भिंगरीचं तसं नव्हतं. भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. दोन वर्षांना अजून थोडा अवकाश होता, पण घरात सत्ता तिचीच.

पहिल्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं, 'ती भिंतीला धरून चालते.' खर्डा सुवाच्य उतरवून होईपर्यंत ती पळायला लागली. दुसऱ्यात लिहिलं, 'तिला सहा शब्द येतात.' एक शब्द कोशात तपासून येतात तो तिचे वीस झाले होते, आणि त्यातला 'नको' तर दिवसातून शंभरदा कामाला येत होता. तिसऱ्या खर्ड्याचा कोपरा तिने खाल्ला.

"चव घेऊन बघितली तिने," बायको म्हणाली. ती तरण तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर हाका मारून तिचा आवाज खणखणीत झाला होता. "आण इकडे, बघू काय लिहिलंयस. 'उंची ऐंशी सेंटिमीटर. केस काळे. पुढचे दात आठ.' अरे मास्तर, ही पोरगी आहे की मडकं?"

"मग काय लिहू?"

"दिसतं ते लिही."

"दिसतं ते टिकत नाही ना."

"आत्यांचे डोळे तरी कुठे टिकणार आहेत?" ती बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली.

मास्तरांनी तो खर्डाही मागे सारला. पण त्या रविवारी बायको सकाळी कामावर गेली, तेव्हा ते वाक्य घरातच राहिलं होतं.

भिंगरीला वाक्याबिक्यांशी कर्तव्य नव्हतं. तिने पातेल्याचं झाकण डोक्यावर ठेवून सगळ्या खोल्यांची पाहणी केली. पायाला लागली म्हणून खुर्चीला दटावलं, मग दया येऊन तिची पापी घेतली. वॉशिंग मशीनचं दार उघडून त्याला अर्धं केळं भरवलं आणि "खा, खा" म्हणत त्याच्या तोंडाकडे बघत बसली. मास्तर केळं काढायला वाकले तर म्हणाली, "बाबा, नको! त्याचं!"

"बरं बाई, त्याचं," मास्तर म्हणाले. मग तिची पाठ वळल्यावर हळूच ते चोरलं.

दुपारी ती जमिनीवर पोट टेकून कागदांवर निळा खडू ओढत होती. मास्तर शेजारी आडवे झाले. ओढता ओढता ती थांबली, सरपटत आली, त्यांच्या उजव्या दंडावर डोकं ठेवलं आणि दिवा मालवावा तशी झोपली.

पडदा वाऱ्याने आत येत होता, बाहेर जात होता. भिंतीवरचं ऊन त्याच्याबरोबर पसरायचं, आक्रसायचं. कुठेतरी कुणीतरी भांडी लावत होतं आणि तो आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. मास्तरांचाही डोळा लागला. त्यांना संग्रहालय दिसलं. सगळ्या कपाटांची दारं उघडी. दिवे, फण्या, मडकी एकापाठोपाठ एक जिना उतरून उन्हात चालली होती, आणि सगळ्यांच्या पुढे, पायात एकच बूट घालून, भिंगरी. मास्तर हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मागे धावत होते. "थांबा, तुमचं वर्णन राहिलंय!" कुणीच थांबत नव्हतं. ती मात्र वळून हसली.

ते जागे झाले. भिंगरी खरंच हसत होती, झोपेत, अगदी थोडंसं. मग हसू विरलं. हे लिहायला हवं होतं, मास्तरांना वाटलं. मग वाटलं, आत्ता लिही.

हात हलवला असता तर ती उठली असती. टेबल, पेन, कोश, सगळं चार पावलांवर आणि तरी दुसऱ्या गावाला. डाव्या हाताच्या टप्प्यात होते फक्त तिचे कागद आणि निळा खडू. त्यांनी कागद उलटे केले आणि डाव्या हाताने सुरुवात केली. अक्षरं बोराएवढी होत होती, कलंडत होती. एका ओळीत तीनच शब्द मावत.

'आत्या, भिंगरी झोपली आहे. तोंड उघडं आहे. माझा उजवा हात तिच्याखाली आहे. आज तिने वॉशिंग मशीनला केळं भरवलं. खुर्चीला रागावली, मग पापी घेतली. आत्ता झोपेत हसली. कशाला ते मला कळलं नाही. तुला कळलं असतं. उठली की ती वेगळी असेल. ही आत्ताची आहे. मला उशीर झाला.'

पाच कागद भरले. खोडायला जागा नव्हती आणि खोडलं असतं तर त्या जाड खडूचा चिखल झाला असता.

संध्याकाळी बायकोने ते एकेक करून वाचले. या खेपेला ती हसली नाही.

"उद्या शाईने नीट उतरवून काढतो," मास्तर म्हणाले.

"खबरदार! तुझं ते मुंगीएवढं अक्षर आत्यांना दिसणार होतं का?"

मास्तर बघतच राहिले. अकरा महिने त्यांनी शब्दाशब्दाचा कीस काढला होता, पण वाचणाऱ्या डोळ्यांसाठी अक्षर केवढं हवं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पाकीट चिकटव आणि जा," ती म्हणाली. "हिलाही ने. नाहीतर कोपऱ्यावरून परत येशील."

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. भिंगरी त्यांच्या खांद्यावर बसून दोन्ही कान धरून होती. मास्तरांनी पाकीट फटीत अर्धं घातलं आणि ते थांबले. तिसऱ्या कागदावर एक वेलांटी चुकली होती, नक्की. शेवटचं वाक्य तर फारच तुटक झालं होतं. आत्या काय म्हणेल?

"बाबा," वरून आवाज आला. "काय कत्तो?"

"पत्र टाकतो," मास्तर म्हणाले, आणि बोलून गेल्यावर दुसरा काही इलाजच उरला नाही. त्यांनी बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा हलका आवाज दोघांनी ऐकला.