तरी बसले

...आणि तेच भोक. 'अंदाजे तास' या चौकटीतला कागद खोडून खोडून इतका विरला होता की खिडकीसमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसावा. आधी बारा, मग वीस, मग पुन्हा बारा, आणि शेवटी भोकाच्या कडेने, जागा उरली तिथे, घाईघाईने तीस. या मुलीला शिक्षकांच्या खोलीत सगळे खोडरबर म्हणतात. हे नाव मॅडमनीच ठेवलेलं, वर्गाच्या पहिल्या आठवड्यात, आणि आता हजेरीतलं खरं नाव त्यांनाही चटकन आठवत नाही.

मॅडमनी तक्ता खाली ठेवला. पावणेतीन. एकेचाळीस तक्ते, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे तीनला मोकळं व्हायचं असं सकाळी ठरलेलं. चाळीस झाले. हेडक्लार्क दुपारी डोकावून गेले होते. "चारला यादी न्यायला येतो. हिचं नाव नसलं तर निकाल अडकला म्हणून समजा, आणि नर्सिंगच्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख. घ्या किंवा गाळा मॅडम, पण चार म्हणजे चार." समाजसेवेचे तीस तास भरल्याशिवाय इथून कोणी पास होत नाही. तक्ताही मॅडमचाच, अकरा वर्षांपूर्वी तिने एका रविवारी घरी बसून आखलेला – डावीकडे अंदाजे तास, उजवीकडे प्रत्यक्ष तास. नवरा तेव्हा म्हणाला होता, तू झोपतानाही डावीकडे काहीतरी लिहून झोपशील.

मुलांना वेळेचा अंदाज म्हणून नसतोच. अंगणवाडीची एक भिंत रंगवायची, चार तास, असं बिनधास्त लिहून मोकळी होतात. बाकं कोण हलवणार, पहिला हात वाळणार कधी, आणि मुख्य म्हणजे खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो गृहस्थ नेमका कुठे गेलाय, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून ती दरवर्षी फळ्यावर लिहिते : जो आकडा सुचेल त्याची दीडपट करा. हसतात मेली. नंतर भिंतीला अकरा तास लागले की येऊन सांगतात, मॅडम, दीडपटही कमी पडली हो!

खोडरबरचं काम साधं होतं. वृद्धाश्रमातल्या कपाटात धूळ खात पडलेल्या पुस्तकांची यादी करायची. ती झाली आहे, नीट, दोनशे चौदा पुस्तकं, फाटक्यांपुढे फुली. यादीचे तास सतरा. उरलेले तेरा मात्र उजव्या रकान्यात असे –

'आजींजवळ बसले – दोन तास.' 'आजींजवळ बसले – दीड तास.' 'बसले – दोन तास.'

नियम चौथा : प्रवास, वाट पाहणे व नुसते बसणे धरू नये. हाही मॅडमचाच. एका वर्षी टोळकंच्या टोळकं कट्ट्यावर चहा पीत बसलं आणि त्याचे नऊ तास लावून मोकळं झालं, तेव्हा रागाच्या भरात घातलेला. तेव्हापासून मुलं शहाणी झाली. 'ज्येष्ठांशी संवाद साधला' लिहितात, 'भावनिक आधार दिला' लिहितात, आणि ती डोळे झाकून सही करते, कारण त्या शब्दांना नियम लागत नाही. या बयेने एवढं खोडलं, एवढं खोडलं, आणि 'बसले' तेवढं ठेवलं! एक शब्द बदलला असता तर काय बिघडलं असतं?

मॅडमनी तारखा लावून पाहिल्या. कपाटाची किल्ली त्या खिडकीपाशी बसणाऱ्या आजींच्या कमरेला होती आणि आजी ती देत नव्हत्या, असं पहिल्या दिवशी लिहिलेलं. मग सुटलं की! किल्लीसाठी थांबणं ही कामाची तयारी, आणि तयारी धरता येते. बरं वाटलं तिला, पेनाचं टोपण काढून झालंसुद्धा. पण चौथ्या दिवसापुढे खोडरबरने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'किल्ली मिळाली. तरी बसले – दोन तास.' त्यानंतर आणखी चार दिवस, रोज, थोडा थोडा वेळ. म्हणजे कशासाठीच नाही. ती त्या 'तरी'पाशी अडकली, आणि तिला वडिलांचे शेवटचे दिवस आठवले.

...ताईचा फोन आला तेव्हा मी असेच तक्ते तपासत होते. "बाबांचं काही खरं नाही गं, तू ये." मी काय विचारलं? किती दिवस लागतील. मी असं विचारलं. ताई म्हणाली, डॉक्टर आठवडा म्हणतात. मी दीडपट केली, अर्धा दिवस वर धरला, अकरा दिवसांची रजा टाकली. आणि अकराही दिवस मी राबले, कोणी नाव ठेवणार नाही असं. औषधांच्या वेळा लिहून भिंतीला लावल्या, न्हाणीघराचा गळका नळ दुरुस्त करून घेतला, पाहुण्यांच्या पाळ्या लावल्या. "तू जरा त्यांच्यापाशी बस ना," ताई म्हणायची. "हो, एवढं झालं की बसते." ते 'एवढं' मी संपू दिलं नाही. मला भीती वाटत होती. त्यांच्याजवळ हात रिकामे ठेवून बसायची भीती, दुसरं काही नाही. बाराव्या दिवशी मी कामावर हजर झाले. बाबा एकोणिसाव्या दिवशी गेले. ताई जवळ होती. ती कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि बोलली असती तर मी पाळ्यांचा कागद दाखवला असता...

दारात कोणीतरी उभं होतं. खोडरबर, पिशवी छातीशी धरून.

"मॅडम, माझं झालं का?"

"नाही." मग उगाचच आवाज चढवून, "किल्ली मिळाल्यावर कशाला बसायचीस गं? काम नव्हतं का?"

"होतं की."

"मग? काय बोलायच्या आजी?"

"काही नाही. बोलायच्या नाहीत त्या. खिडकीतनं बघायच्या." मुलीने पिशवी सावरली. "उठले की माझ्याकडे बघायच्या, मग मी परत बसायचे. मॅडम, खोडू का ते?"

"नको," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखीचा वाटला नाही.

सही करायची तर नियम मोडतो. मग गेल्या अकरा वर्षांत ज्यांचं बसणं तिने लाल शाईने खोडलं, त्यांनी कोणाकडे जायचं? नाही करायची तर ही खरं लिहिल्यामुळे घरी बसणार. तीन वाजून पंचवीस मिनिटं. एकेचाळिसाव्या तक्त्याला तीन मिनिटं धरली होती.

"किती वेळ लागेल मॅडम?"

पाच मिनिटं, हे उत्तर तोंडात तयार होतं. त्याची दीडपटही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "बस."

मुलगी समोरच्या स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर, त्यावर दोन्ही हात. काही विचारलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. बसण्याची सवय झालेली दिसत होती. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग टेबलावर नीट लावायला काही सापडतंय का ते पाहिलं – तक्ते सरळच होते, टाचण्या डबीत होत्या. हात रिकामे झाले आणि ती भीती आली, तीच, बाबांच्या खोलीच्या दारातली. चारला पाच कमी असताना खाली जिन्यावर हेडक्लार्कच्या चपला वाजल्या, पण ती उठली नाही.